ती तेवढी दिसली

८ जानेवारी

वहिनी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. पहिले काही दिवस वाटलं, तबेल्यात असशील, ऐकू गेला नसेल. पण माणूस दिवसभर तबेल्यात असतं का? शेवटी तुझ्या शेजारच्या नर्सरीवाल्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आहे की, आत्ताच घोड्यांना पाणी दाखवत होती." म्हणजे हातपाय चालू आहेत. तेवढ्यावर समाधान मानलं.

आम्ही दोघी नीट पोचलो. पोरीच्या कोपराचं खरचटलेलं भरून आलं. घोड्यावरून पडून एवढ्यावर निभावलं, नशीबच म्हणायचं. कॉलेजला जाते, येते, खोलीचं दार लावून बसते. मीही ड्यूटीवर जायला लागले. वॉर्डात सगळे मला असे बाजूला होऊन वाट देतात, जसं काही मलाच प्लॅस्टर घातलंय. मेट्रन म्हणाल्या, थोडे दिवस बसून करायचं काम घ्या, सिस्टर. मी म्हटलं नको, बसले की डोकं चालायला लागतं.

एक विचारायचंय. तिथे होते तेव्हा घर माणसांनी भरलेलं, आणि तू अशी भिंतीला टेकून बसलेली, विचारणार कसं? दादाने ते जॅकेट घातलं होतं का? मी दिलेलं, पोपटी, चंदेरी पट्ट्यांचं. हाडांच्या वॉर्डात राहून राहून माझे कान किटलेत, वहिनी. "अंधारात दिसलाच नाही हो" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय! म्हणून तर दिलं होतं. घातल्यावर आरशापुढे उभा राहून म्हणाला होता, "झालो मुकादम! आता घोड्यावर बसून डांबर टाकायला जातो." आपण किती हसलो होतो.

घातलं होतं का, एवढंच सांग. फोन नको उचलू, पण दोन ओळी लिही.

तुझी,
नणंद


१५ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. फोन उचलवत नाही. वाजला की मी त्याच्याकडे बघत राहते, थांबला की हातातलं काम पुढे चालू करते. राग नाही. काय बोलायचं ते सुचत नाही. लिहिताना निदान समोरचं माणूस वाट बघत नसतं.

जॅकेट नव्हतं घातलं.

बाकी ठीक. काळी घोडी तर यांच्याबरोबरच गेली. उरलेले घोडे चंदी खातात. तांबडा खड्ड्यात उतरला तेव्हा त्याचा पुढचा पाय मुरगळला होता, तो आता टेकवतो. जनावरांचे डॉक्टर येऊन बघून जातात. शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील फाटकाशी येतात, क्लास कधी सुरू होणार विचारतात. मी म्हणते, माहीत नाही. इतकी वर्षं इथे राहून मी कधी घोड्यावर बसले नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी चंदी बघायची, शेण काढून घ्यायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. त्यातलं बोलायचं तेवढं आता होत नाही.

झोप लागते. जेवण जातं. लोक विचारतात म्हणून सांगते. रडू येत नाही. काकू म्हणतात, रडून घे. मी म्हटलं, आलं की घेईन.

भाचेबाईंना सांगा, तांबडा बरा आहे.

तुमची,
वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

मला माहीत होतं. माझं मन मला सांगतच होतं.

पत्र वाचलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. काय कठीण होतं गं त्यात? हात घालायचे, चेन ओढायची. घोड्याला खोगीर चढवायला एवढा वेळ, लगाम नीट, रिकीब नीट, घोड्याचं सगळं नीट, आणि स्वतःचं मात्र वाऱ्यावर! लहानपणापासून असाच. पावसात छत्री बगलेत धरून भिजत येणारा माणूस. आईने त्याला कानाला धरून सांगितलं, मी सांगितलं, तू सांगितलं असशील. हसण्यावारी न्यायचं, झालं. आणि मागे राहणाऱ्यांनी काय करायचं? त्याला काय, तो सुटला.

असं बोलू नये. मला कळतं. पण मला राग आला की निदान श्वास घेता येतो. राग उतरला की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. म्हणून मी राग उतरू देत नाही.

आता मी वॉर्डात तेच सांगत सुटले आहे. पाय मोडून आलेला प्रत्येक मोटारसायकलवाला माझ्याकडून दादाची गोष्ट ऐकूनच घरी जातो. घरी जेवताना पोरीलाही सांगते. बघ, म्हटलं, एका जॅकेटने माणूस वाचला असता. तर ती ताट तसंच ठेवून उठते. तिला अजून धक्का आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलतं ठेवा, विषय टाळू नका. म्हणून मी टाळत नाही.

तिने तांबड्याचं ऐकलं आणि "हं" म्हणाली. हल्ली सगळ्याला "हं" म्हणते.

तू जेवतेस ते चांगलं आहे.

नणंद


२८ जानेवारी

वन्सं,

तिच्यासमोर जॅकेटचा विषय काढू नका. एवढं माझं ऐका.

डॉक्टरीणबाईंना बाकी सगळं माहीत असेल.

वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन ओळींचं पत्र दोनदा वाचायला वेळ लागत नाही.

माझ्या घरात मी माझ्या भावाबद्दल काय बोलायचं, हेही आता विचारून ठरवायचं का? तुझा नवरा गेला, कबूल. माझा पाठचा नाही, पुढचा भाऊ गेला. मला चालायला त्याने शिकवलं. आई सांगायची, माझा एक हात त्याच्या सदऱ्याला असायचा. मी बोलू नको तर काय करू? तुझ्यासारखी गप्प बसू?

खरं सांगू? मला तुझी भीती वाटते. तिथे असताना सगळं घर रडत होतं आणि तू पाहुण्यांना विचारत होतीस, चहात साखर किती. मी तेव्हा म्हटलं, धक्का असेल. पण आता महिना उलटून गेला. "जेवण जातं, झोप लागते." हे असं एखाद्या पेशंटच्या चार्टवर लिहितात. तुला काही होतं की नाही?

पाठवू नये असं पत्र आहे. तरी पाठवते. उद्या वाचलं तर फाडून टाकीन.

आणि हो, पोरगी आता अंधार पडल्यावर घरी येते. क्लास असतो म्हणते. असेलही.

नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

रागावले नाही. तुम्ही लिहिलंत ते बरोबर असेल. मला काही होतं की नाही हे मलाच नीट सांगता येत नाही. सर्दीत जेवणाला चव लागत नाही, पण भूक असते म्हणून आपण जेवतो, तसं चाललं आहे.

एक बातमी आहे. यांचे एक जुने मित्र, आयुष्य घोड्यांवर काढलेले, आपणहून आले आणि म्हणाले, वहिनी, सकाळचा क्लास मी घेतो, जनावरं नुसती उभी राहिली तर बिघडतील. मी हो म्हटलं. मुलं त्यांना मास्तर म्हणतात. ते फार बोलत नाहीत, त्यामुळे आमचं जमतं. सध्या आतल्या रिंगणातच फिरवतात. माळावर जायचं तर मोठ्या रस्त्याचा तुकडा लागतो. तिकडे अजून कुणी गेलेलं नाही.

दुसरं म्हणजे, यांना धडक देणारा तो व्हॅनवाला येऊन गेला. फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. काकूंना वाटलं गिऱ्हाईक आहे. मी ओळखलं, पोलीस चौकीत पाहिलं होतं. आत बोलावलं. बसला नाही. पाव आणि बिस्किटं दुकानांत पोचवायचं त्याचं काम. ते सोडलं म्हणाला. मी चहा दिला. कप हातात धरून उभा राहिला, प्यायला नाही. काय झालं ते त्याच्या बाजूने त्याने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. गेल्यावर मी तो कप धुतला आणि तांबड्याच्या पायाला पट्टी बांधायला गेले.

भाचेबाई अंधारात येत असतील तर घ्यायला जा.

वहिनी


४ मार्च

वहिनी,

घ्यायला गेले होते.

आमच्या वॉर्डातला मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणाला, सिस्टर, तुमची मुलगी काल माझ्या गाडीखाली येता येता वाचली, सायकलला लाईट नाही, अंगात काळं. मी म्हटलं, छे, तिच्या सायकलला मी स्वतः पुढे दिवा आणि मागे लाल बसवून दिलाय. तो म्हणाला, बघा तुम्ही.

म्हणून संध्याकाळी आमच्या वळणावर जाऊन उभी राहिले. गाड्या जात होत्या, येत होत्या. मी डोळे फाडून बघतेय. वहिनी, ती मला दिसली नाही. अगदी पुढ्यात आली तेव्हा दिसली. माझी स्वतःची पोर मला हाताच्या अंतरावर आल्यावर दिसली. दोन्ही दिवे काढून टाकलेले. काळा स्वेटर, काळी ओढणी. रस्त्याच्या कडेने नाही, चांगली मधून येत होती, आणि घाई काहीच नाही. बागेत फिरावं तशी.

मी तिला थांबवलं आणि भर रस्त्यात एक ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मामाचं झालं ते डोळ्यांनी बघून तुला अक्कल येत नाही? तोही असाच, जॅकेट खुंटीला टांगून गेला मिजाशीत...

ती गालाला हातसुद्धा न लावता म्हणाली, "खुंटीला नव्हतं. माझ्या अंगात होतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काय तुझ्या अंगात होतं? ती म्हणाली, "मामाचं जॅकेट. त्याने काढून मला घातलं. त्याने घातलं नव्हतं कारण ते मी घातलं होतं. आई, आता तरी त्याला बोलू नकोस."

मग तिने सायकल हातात धरली आणि घराकडे चालायला लागली. मी मागून. घरी येऊन मी दूध तापवलं, ती प्यायली. मी तिच्या खोलीत खाली अंथरूण घालून झोपले, झोपले म्हणजे पडले.

तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुला विचारलं, आणि तू "नव्हतं घातलं" म्हणून मोकळी झालीस. मी इकडे वॉर्डभर माझ्या भावाला बेफिकीर म्हणत हिंडले. जेवणाच्या ताटावर, तिच्या तोंडावर. आणि ती म्हणते, मामीने सांगितलं होतं, आईला एवढ्यात सांगू नको. कुणी सांगितलं होतं तुला हे शहाणपण? सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप घातलंस आणि किल्ली तुझ्याकडे!

मला तुझा इतका राग आलाय, आणि तू असतीस तर तुझ्याच गळ्यात पडले असते. हे दोन्ही कसं लिहायचं मला येत नाही.

काय झालं ते सगळं लिही. यावेळी सगळं.

नणंद


११ मार्च

वन्सं,

लिहिते.

त्या दिवशी ते दोघं माळावर गेले होते. भाचेबाईंची सुट्टी संपत आलेली, म्हणून मोठी रपेट करू म्हणाले. परत फिरताना तांबड्याचा नाल निघाला. मग दौडत येता येईना, चालत चालत आले. दिवस लहान. मोठ्या रस्त्याशी पोचेपर्यंत उजेड गेला होता.

जॅकेटं दोन होती. दुसरं आधीच्या आठवड्यात तांबड्यानेच चावून चिंध्या केलं होतं. हे म्हणाले होते, पोपटी रंग बघून गवत वाटलं असेल बिचाऱ्याला. नवीन यायचं होतं. म्हणून एकच होतं. रस्त्यावर चढायच्या आधी यांनी स्वतःच्या अंगातलं काढून तिला दिलं. ती नको म्हणाली. हे म्हणाले, "मुकादमाचा हुकूम आहे, वाद नको." चेनसुद्धा यांनीच लावली. हे तिने मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलं.

मग तिला कडेच्या बाजूला घेतलं आणि स्वतः तिच्या शेजारून, रस्त्याच्या अंगाला राहिले. शिकणाऱ्याला नेहमी आतच ठेवायचं असतं. काळी घोडी, यांचा तो गडद कोट.

व्हॅन मागून आली. त्या माणसाने मला जे सांगितलं ते असं. "ताई, ती पोरगी मला लांबूनच दिसली. लख्ख दिसली. मी तिला सांभाळून गाडी बाहेर काढली. शेजारी कुणी असेल असं मनातसुद्धा आलं नाही. मला ती तेवढी दिसली." हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो दारू प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता. पोलिसांनी तसं लिहिलंय.

म्हणजे जॅकेटने त्याचं काम केलं, वन्सं. तुम्ही दिलेलं वाया गेलं नाही.

मी पोचले तेव्हा यांना गाडीत घालत होते. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाले, "ती?" मी म्हटलं, बरी आहे. पुढे काही म्हणाले नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत मी काही ना काही बोलत राहिले, काय ते आठवत नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा भाचेबाई बाकावर बसल्या होत्या, अंगात ते जॅकेट. कॉरिडॉरच्या दिव्याखाली ते इतकं चमकत होतं की येणारा जाणारा तिच्याकडेच बघायचा. मी ते तिच्या अंगातून काढलं, घडी घातली, आणि तिला म्हटलं, आईला एवढ्यात सांगू नको.

का सांगितलं? मला वाटलं तिच्यावरचं ओझं मी उचलते आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी दोन्ही बाजूंनी बघितलं. तुमचा राग यांच्यावर असलेला मला परवडत होता. यांना आता काही ऐकू जात नाही. तिला जातं. मी "नव्हतं घातलं" लिहिलं, ते खोटं नव्हतं, म्हणून लिहायला सोपं गेलं. तुम्ही ते ताटावर तिला ऐकवाल हे माझ्या डोक्यात आलं नाही. कळलं तेव्हा दोन ओळी लिहिल्या, त्याहून जास्त लिहायला पाहिजे होतं. पश्चात्ताप होतो असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मला अजून आतून कशाचंच काही वाटत नाही. तुमचं बरोबर आहे, एवढं समजतं.

सायकलला दिवे लावलेत का?

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

लावले. रोज मी तपासते. तिला कळू नये म्हणून वाळत घातलेले कपडे बघतेय असं दाखवत अंगणात जाते, आणि तिला कळतं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, "ती?" हेसुद्धा. ते ऐकल्यावर ती उठून गॅलरीत गेली. मी मागे गेले नाही. कुठे थांबायचं ते हळूहळू शिकतेय.

दादाला मी जे जे बोलले ते कुणाकडे जाऊन परत घेऊ? वॉर्डातले पेशंट बरे होऊन घरी गेले. कुठल्या कुठल्या घरात माझा भाऊ बेफिकीर म्हणून राहिला असेल. एकाला मात्र गाठलं. तो तपासणीला परत आला होता, कुबड्या घेऊन. त्याला म्हटलं, ते मागच्या वेळी सांगितलं ना, ते तसं नव्हतं. तो म्हणाला, कुठलं हो सिस्टर? त्याच्या लक्षातही नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं, आणि मग वाईटही वाटलं.

पोरीला मी उठता बसता सांगते, तुझी काही चूक नाही. ती म्हणते, "हं." डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. तिच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं. सगळ्यांना एकच "हं". खाणं पाखरासारखं. परवा म्हणाली, मी मामीकडे जाऊ का? मी विचारलं, कशाला? म्हणाली, माहीत नाही.

तुला चालेल का? तुला तिला समोर बघवेल का, असं विचारतेय. नाही म्हणालीस तरी मी समजेन. या वेळी खरं लिही.

नणंद


२३ मार्च

वन्सं,

बघवेल की नाही ते बघितल्याशिवाय कसं सांगू?

परीक्षा झाली की पाठवा. जुने कपडे द्या, इथे सगळं घाण होतं.

वहिनी


३० एप्रिल

आई,

तू रोज मेसेजवर विचारतेस "कशी आहेस" आणि मी रोज "ठीक" पाठवते. ते मलाही आता बोअर व्हायला लागलंय. म्हणून हे पत्र. तुम्ही दोघी लिहू शकता तर मीही लिहू शकते.

पहिले काही दिवस मामी माझ्याशी पाहुण्यांशी बोलतात तसं बोलायची. टॉवेल घे, पाणी गरम आहे, पंखा लावू का. मी शेण काढायचे, चंदी मोजून द्यायचे. मास्तर म्हणाले, हात चांगला आहे. बस्स, एवढंच. ते पुन्हा काही बोलले ते थेट रविवारी.

आता रस्त्यावरून माळावर जायला सुरुवात झालीय. मामीने नियम केलाय. फाटकाबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट, मास्तरांनासुद्धा. घोड्यांच्या चारी पायांना पट्टे, शेपटीला पट्टा, खोगिराखाली पोपटी कापड. तांबडा ते कापड मान वळवून चावायला बघतो, त्याला नाकावर चापट मारावी लागते. दिवस मावळायला आला की कुणी बाहेर जायचं नाही. हे सगळं चढवायचं काम माझं. एका मुलाचे वडील वैतागले, म्हणाले, "अहो बाई, एवढासा तुकडा रस्त्याचा, भर सकाळी, हे सोंग कशाला? पोरगा घोड्यावर बसायला आलाय की सर्कशीत?" मामी म्हणाली, "मग त्याला रिंगणातच गोल गोल फिरवू. माझी हरकत नाही." आवाज चढवला नाही, काही नाही. त्यांनी गुपचूप मुलाला माझ्याकडे ढकललं. मी जॅकेटची चेन लावता लावता त्याच्या गळ्याशी थांबले. मुलगा म्हणाला, "ताई, गुदगुल्या होतात." मग एका ओढीत वर लावली.

मी अजून घोड्यावर बसलेले नाही. कुणी बस म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

आता मुख्य सांगते. काल सकाळी क्लास संपल्यावर मामी तांबड्याला खरारा करत होती. आता तिला ते जमतं, घोड्यांना घाबरत नाही. मी बादली धूत होते. आणि मी विचारलं. ठरवून नाही, तोंडातून निघालं.

"मामी, तुला माझा राग येतो का?"

तिने खरारा थांबवला नाही. म्हणाली, "हो."

मी नळ बंद केला.

ती म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या येतो. तू वाचलीस म्हणून बरंही वाटतं आणि तू वाचलीस म्हणून रागही येतो. दोन्ही एकदमच येतात. तू काही केलेलं नाहीस हे मला माहीत आहे, पण राग काही विचारून येत नाही. चंदी घालून होईपर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो. आधी दुपारपर्यंत टिकायचा."

मी विचारलं, "आणि मामाचा?"

"त्यांचा दिवसभर असतो," ती म्हणाली. "त्यांना सोड. त्यांना सवय आहे." आणि आई, ती हसली. म्हणजे ओठ हलले. मग म्हणाली, "ती मान धर याची, मला त्या बाजूने करू दे." मी मान धरली. तांबडा माझ्या खांद्यावर लाळ गाळत उभा राहिला.

तेवढंच झालं. पण मला त्याने बरं वाटलं. तुम्ही सगळे म्हणायचात ना, तुझी काही चूक नाही, काही चूक नाही, तेव्हा मला वाटायचं की हे सगळे इतकं जोर लावून दार धरून उभे आहेत म्हणजे दारामागे काहीतरी भयंकर आहे. मामीने दार उघडलं. मागे तीच होती, खरारा घेऊन. दुपारी मी पोटभर जेवले आणि तिथेच चटईवर झोपले. उठले तर ऊन उतरलं होतं आणि माझ्या अंगावर कुणीतरी चादर टाकलेली.

मी या रविवारी घरी येत नाहीये. सुट्टी संपेपर्यंत इथेच राहीन म्हणते. मामीला विचारलं, तर म्हणाली, "राहा. गवत उतरवून घ्यायला माणूस पाहिजेच आहे."

आणि आई, तुझा दादा गेलाय. तुलाही माझा थोडा राग येत असणार. त्या दिवशी रस्त्यावर मारलंस तो नाही, दुसरा, आतला. येत असेल तर लिही. काही तरी लिहायचं म्हणून "तुझी चूक नाही" लिहू नकोस. जे असेल ते लिही. मला चालेल.

तुझी,
मी